रविवारचा चेहरा

११ जानेवारी, शनिवार

ही डायरी रंगाच्या दुकानदाराने दिलेली. दरवर्षी देतो. चाळीस वर्षं मी त्याच्या डायऱ्यांत भिंतींची मापं लिहीत आलो. गेल्या वर्षी गुडघ्यांनी शिडीला रामराम केला, तेव्हापासून पानं कोरीच जात होती. आज लिहायला बसलो, कारण बायको आत पडून आहे आणि दुसऱ्या कुणाशी बोलायची सोय नाही.

डॉक्टरांनी आज हिचे रिपोर्ट समोर ठेवले. गाठ पोटात आहे आणि यकृतापर्यंत पोचली आहे. ऑपरेशनची वेळ निघून गेली. किती दिवस, हे मी विचारलं नाही. हिने विचारलं. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेली बाई, तिला वाक्य अर्धवट राहिलेलं चालत नाही. उन्हाळ्यापर्यंत धरून चाला, असं डॉक्टर म्हणाले.

बसने घरी निघालो. एका दुकानाच्या पाटीवर 'दुरूस्ती' लिहिलेलं बघून ही म्हणाली, रु ऱ्हस्व हवा. मग मीच विषय काढला. म्हटलं, खारूला इतक्यात सांगायचं नाही. खारू म्हणजे आमची मुलगी. लहानपणी माझ्या शिडीवर खारीसारखी चढायची, ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. सहा वर्षांपूर्वी मी शिडीवरून पडलो, कमर मोडली, तेव्हा ती परदेशातलं शिक्षण अर्ध्यावर टाकून आली आणि तिची दोन वर्षं गेली. मग परत गेली, आता कुठे प्रबंध पूर्ण झालाय. नदीच्या तळातला गाळ वाचून जुने पूर ओळखते. मेच्या बावीस तारखेला तोंडी परीक्षा आहे. या वेळी तिच्या पायात आपण यायचं नाही, असं मी म्हटलं.

ही खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

म्हणजे ठरलं.

१२ जानेवारी, रविवार

खारूचा फोन दर रविवारी सकाळी दहाला येतो, चेहरा दिसणारा. आज आम्ही दोघं सोफ्यावर नेहमीसारखे बसलो. तिने पहिलंच वाक्य टाकलं, "आई, तू पिवळी का दिसतेस?"

माझ्या तोंडून निघून गेलं की दिवा पिवळा आहे. दिवसाढवळ्या. उठून दिवा लावला आणि परत बंद केला, उगाच. खारू म्हणाली, डॉक्टरला दाखवा. ही काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात मी गाळाची चौकशी काढली. गाळाचं कुणी विचारलं की खारूला वेळेचं भान राहत नाही.

फोन ठेवल्यावर हिला म्हटलं, असं चालायचं नाही. काहीतरी करायला हवं.

१३ जानेवारी, सोमवार

खालच्या मजल्यावरच्या पार्लरवालीकडे गेलो. तिच्या दुकानाला सात वर्षांपूर्वी मी गुलाबी रंग मारला होता, तिला हवा होता त्याहून एक छटा गडद. ते ती अजून विसरलेली नाही. मी आत शिरलो तेव्हा खुर्चीत बसलेल्या बाईने टॉवेल वर ओढून घेतला. मी दारातच थांबलो.

खरं काय ते सांगितलं नाही. बायकोला अशक्तपणा आलाय, चेहरा उतरलाय, मुलीला फोनवर बरी दिसायला हवी, एवढंच म्हटलं. तिने मला नीट बघितलं आणि शेडचे नमुने काढून ठेवले. बारा छटा. हा प्रकार माझ्या ओळखीचा. मी लगेच मनगटावर घासून बघायला लागलो तर तिने हात धरला. "काका, मनगटावर नाही. जबड्याच्या कडेला, आणि खिडकीपाशी. लावल्यावर दिसेनासा होतो तो आपला रंग." भिंतीलाही आम्ही कोपऱ्यातच लावून बघतो आणि उजेडातच बघतो. फक्त तिथे लावलेला दिसावा म्हणून लावतो, इथे दिसू नये म्हणून.

पिवळेपणावर काय, असं विचारलं. जांभळट क्रीमचा पुसटसा हात खाली द्यायचा म्हणाली. ते मला शिकवायला नको. चुन्याचा पिवळेपणा मारायला आम्ही नीळ घालायचो.

एक बाटली, एक जांभळी डबी, एक स्पंज घेऊन आलो. आणलेलं बघून ही हसली. किती दिवसांनी हसली. म्हणाली, लग्नाला पस्तीस वर्षं झाली, कधी पावडरचा डबा आणला नाहीत.

१६ जानेवारी, गुरुवार

पहिला प्रयत्न फसला. मी भिंतीच्या फटींत लांबी भरल्यासारखं थापलं. कपाळावर भेगा पडल्या, नाकाशी गोळा झालं. हिने आरशात बघून प्रूफ तपासल्यासारखं बोट ठेवत चुका काढल्या: इथे जोड दिसतोय, इथे सुटलंय, इथे दोनदा आलंय. आणि गळा कुणाचा आहे हा, असं विचारलं. खरंच, चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा दिसत होता.

पुन्हा खाली गेलो. पार्लरवालीने स्वतःच्या हातावर करून दाखवलं. आधी तोंड धुऊन साधं क्रीम लावायचं आणि ते मुरेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं. मग हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढं फाउंडेशन घ्यायचं, त्यापेक्षा जास्त नाही. नाकापासून सुरुवात करून कडेला न्यायचं. स्पंज ओला करून घट्ट पिळायचा. घासायचं नाही, टिपायचं. कडेला येईस्तोवर स्पंजवर काही उरता कामा नये, म्हणजे जोड दिसत नाही. गळा आणि कान विसरायचे नाहीत.

"सगळं झाकायला जाऊ नका, काका," ती म्हणाली. "कातडी कातडीसारखीच दिसली पाहिजे."

दुपारी परत बसलो. माझी बोटं जाड, ब्रशच्या दांड्याने घट्टे पडलेली. हिने डोळे मिटून चेहरा वर केला. इतक्या जवळून मी तिला कधी बघितलं होतं ते आठवेना. डाव्या भुवईत एक बारीकसा व्रण आहे. कशाचा म्हणून विचारलं. लहानपणी पाळण्यावरून पडले होते, म्हणाली. पस्तीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी आठपासून तयारी. पातळ हात, वर दुसरा पातळ हात, कानांच्या पाळ्यांपर्यंत. खिडकीपाशी उभं करून बघितलं. निर्दोष.

फोन आला. खारू थोडा वेळ बोलली आणि मध्येच थांबली. "आई, तुझा तीळ कुठे गेला?"

ओठावरचा तीळ. मी तोही पुसून टाकला होता. हीच म्हणाली, अगं, तुझ्या बाबांनी नवीन क्रीम आणलंय, तेच लागलं असेल. हातरुमालाने ओठावरून पुसलं, तीळ बाहेर आला. खारू हसली. बाबा आणि क्रीम, म्हणाली. मग ही गालही पुसायला लागली, तसा मी फोन माझ्याकडे वळवला.

थोडक्यात निभावलं. यापुढे तीळ मोकळा ठेवायचा, कापसाच्या काडीने.

२६ जानेवारी, रविवार

आज खारू आपणहून म्हणाली, आई, तू मागच्यापेक्षा छान दिसतेस. फोन ठेवल्यावर मी हिच्याकडे बघितलं, शाबासकीच्या अपेक्षेने. तिने तोंड धुतलं आणि जाऊन पडली. थकते हल्ली.

माझ्या हाताला वळण आलंय. पंधरा मिनिटांत होतं. आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या, पण असं काम केलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

फोन झाला. ही तोंड धुवायला निघाली, तेव्हा मी म्हटलं, राहू दे ना थोडा वेळ.

"कशाला?"

"छान दिसतं."

ती उभी राहिली, मग परत बसली. संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं. दुपारी जेवलीही बरं. ऊन उतरल्यावर आम्ही खालच्या बाकावर जाऊन बसलो. समोरच्या इमारतीतल्या बाई म्हणाल्या, तब्येत सुधारलेली दिसते. मी म्हटलं, हो, पुष्कळ फरक आहे. त्यांच्या मुलाचं, त्यांच्या पाण्याच्या टाकीचं सगळं ऐकून घेतलं. ही मान हलवत होती. आज दिवसभर असं वाटत होतं की डॉक्टरचंच काहीतरी चुकलं असेल, रिपोर्ट बदललेले असतील. अशी गफलत होते कधी कधी.

दिवे लागायच्या वेळी तिने तोंड धुतलं. मी स्वयंपाकघरात भांडी घासत राहिलो. स्वच्छ होती, तरी घासली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आता रोज सकाळी लावतो. हात चालू राहायला हवा. हीही काही म्हणत नाही.

२ मार्च, रविवार

आज एक संकट टळलं. खारू म्हणाली, मार्चअखेर दहा दिवस सुट्टी मिळतेय, येऊन जाऊ का? तिचे सर हो म्हणालेत. आईला बघावंसं वाटतंय.

मी लगेच म्हटलं, कशाला, दोन महिन्यांवर परीक्षा आलीय, एवढा प्रवास, येण्याजाण्यातच चार दिवस मोडतील. मेमध्ये निवांत ये, महिनाभर राहा. खारूने विचारलं, "आई, तुला काय वाटतं?"

ही फोनकडे बघत राहिली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. "बाबा म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "तुझं काम आधी."

फोन झाल्यावर म्हटलं, शाब्बास, छान सांभाळून घेतलंस. दुपारी जेवण नको म्हणाली. औषधांनी तोंडाची चव जाते, डॉक्टर म्हणालेच होते.

एक सवय मात्र तिची जात नाही. लावल्यावर चेहऱ्याला हात लावू नकोस, असं दहादा सांगितलंय. एरवी नाही लावत. पण खारूशी बोलताना हातरुमाल नेमका गालावर जातो. दर वेळी मला फोन वळवावा लागतो.

१६ मार्च, रविवार

गाल आत गेलेत. एका छटेत भागत नाही, खोलगट जागा जास्तच दिसतात. काल पार्लरवालीकडे गेलो आणि खोल गेलेली जागा वर कशी आणायची ते विचारलं. आत गेलेल्या भागावर एक छटा उजळ, म्हणाली, आणि हाडावर काहीच नाही. मग तिने शटर अर्धं ओढलं आणि समोर बसली. किती दिवसांपासून आजारी आहेत काकू, असं सरळ विचारलं.

सगळं सांगितलं. ती ऐकत होती. तिने बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं.

"काका, मी रोज बायकांचे चेहरे करते," ती म्हणाली. "खुर्चीत बसलेल्या बाईला आधी विचारते, तुला काय हवंय. काकूंना तुम्ही विचारलंत का?"

मला राग आला. म्हटलं, आम्हा दोघांचं ठरलंय. दोघांचं, असं जोर देऊन म्हटलं. बाटली घेऊन वर आलो. चार नवऱ्यामुली सजवल्या म्हणजे पस्तीस वर्षांचा संसार कळत नसतो.

आम्हा रंगाऱ्यांचा एक नियम आहे. भिंतीला ओल असेल तर आधी ओल कुठून येते ते शोधायचं, मगच रंग. गिऱ्हाईक घाई करतं, पाहुणे येणार असतात. अशा वेळी मी काम सोडून दिलेलं आहे, पण ओल्यावर हात मारला नाही. हे कशावरून आठवलं कुणास ठाऊक. ही भिंत थोडीच आहे.

२१ मार्च, शुक्रवार

हिने सकाळी आरसा मागितला. खूप दिवसांनी. धूळ आहे, पुसून आणतो म्हटलं, आणि आत नेऊन कपाटात ठेवला. परत मागितला नाही. विसरली असेल.

दुपारी म्हणाली, प्रूफ तपासताना सगळ्यांत वाईट चूक कुठली, माहितीये? जी चूक वाक्यात इतकी बेमालूम बसते की वाचणाऱ्याला अर्थ लागतो, पण दुसराच. मी म्हटलं, मग ती कशी सापडते? ती म्हणाली, मूळ कागद शेजारी ठेवायला लागतो.

तिला कामाची आठवण येते. चांगलं लक्षण आहे.

३० मार्च, रविवार

आज पाच मिनिटंच बोलली. पाठीला तीन उशा. आवाज बारीक झालाय, त्याला काय लावणार. खारूला सांगितलं, घसा बसलाय. खारू म्हणाली, आई, परवा माझ्या स्वप्नात तू छापखान्यात होतीस आणि सगळे कागद कोरे होते. ही म्हणाली, "खारू, फोन जरा जवळ घे गं. तुझा चेहरा नीट बघू दे." खारूने इतका जवळ घेतला की पडद्यावर नुसते डोळे दिसले. हीपण पुढे वाकली. अगदी पुढे. इतक्या जवळून स्पंजचं टिपलेलं दिसतं, म्हणून मी तिला हळूच मागे घेतलं.

६ एप्रिल, रविवार

नऊला तयारी केली. कोमट पाणी, टॉवेल, क्रीम, स्पंज पिळून ठेवला. हिच्या पलंगाशी बसलो आणि हनुवटीला हात लावला. तिने माझं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता.

"आज राहू दे," ती म्हणाली.

म्हटलं, पाचच मिनिटं, आज फक्त डोळ्यांखाली. तिने मान हलवली. "राहू दे. अशीच बसते."

तशी कशी बसणार होती? चेहरा मेणासारखा झालाय, ओठांना रंग नाही. खारू बघताक्षणी निघाली असती. एवढे तीन महिने ताणून धरलेलं दीड महिन्यासाठी पाण्यात गेलं असतं. मला वाटलं, ती थकलीये, आज बोलायचंच नसेल. म्हणून खारूला लिहून कळवलं: आई शेजारी गेली आहे, आज फोन नको, पुढच्या रविवारी बोलू.

हिला सांगितलं, आज सुट्टी, निवांत पड. तिने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे कूस वळवली. दहा वाजता फोन एकदा वाजला. मी तो बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी ही उठेना. हाक मारली तर डोळे अर्धवट उघडले, ओळख नव्हती. दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

खारूला फोन केला. नुसता आवाजाचा. काय बोललो आठवत नाही. ती एकदाच म्हणाली, "केव्हापासून?" मी म्हटलं, जानेवारीपासून. मग म्हणाली, निघते.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी सव्वासात वाजता ही गेली. मी हात धरून होतो. खारू तेव्हा विमानात होती.

वॉर्डातल्या आयाबाईंनी हिचे केस विंचरले. भल्या बाई आहेत. म्हणाल्या, मुलगी लांबून येतेय ना, तिने असं बघायला नको, जरा चेहरा ठीक करूया का? माझ्या पिशवीत सगळं होतं. घाईत हिचा चष्मा आणायचा राहिला होता, पण बाटली, डबी, स्पंज आणले होते. हातानेच भरले असणार.

बाटली काढली. वाटाण्याएवढं हाताच्या पाठीवर घेतलं. मग हिच्याकडे बघितलं. जानेवारीपासून मी हा चेहरा रोज हाताळत होतो, पण लावायचं काही नाही म्हणून नुसता बघितला नव्हता. भुवईतला व्रण, तीळ, कपाळावरच्या बारीक रेषा, आत गेलेले गाल. ही इतकी आजारी होती. हे मी आज बघत होतो. आयाबाई थांबल्या होत्या. त्यांना म्हटलं, नको, राहू दे.

बोललो तेव्हा कळलं, हे शब्द कुणाचे आहेत.

हात बेसिनमध्ये धुतला. बराच वेळ धुतला.

खारू दुपारी तीनला पोचली. मी दाराबाहेर उभा राहिलो. तासाभराने बाहेर आली तेव्हा म्हणाली, "आईचं वजन किती कमी झालंय, बाबा." एवढंच म्हणाली.

१२ एप्रिल, शनिवार

हिला काल निरोप दिला. लिहवत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

खारू फोनमधले फोटो बघत बसली होती. दर रविवारी बोलताना ती पडद्याचा एक फोटो काढून ठेवायची, हे मला माहीत नव्हतं. बारा रविवारचे बारा. पलीकडे मी चहाचा कप घेऊन उभा. तिने एकेक फोटो मोठा करून बघितला, गाल, कान, गळा.

"चांगलं केलंय तुम्ही," ती म्हणाली. "अजिबात कळत नाही."

तिने फोन उलटा ठेवला.

"माझ्याकडे आईचे शेवटचे तीन महिने आहेत ते तुम्ही रंगवलेले आहेत, बाबा. ती कशी होती, मला माहीतच नाही."

तिच्या परीक्षेचं बोललो. तुझी दोन वर्षं, माझी कमर, तेच सगळं. तिने ऐकून घेतलं. ती दोन वर्षं वाया गेली असं तुम्हाला कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. त्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी आई आणि ती प्रुफं घेऊन बसायच्या, आई वाचायची आणि ती खुणा करायची. नदीचा गाळ वाचायचं तिच्या डोक्यात तिथूनच आलं, म्हणाली. मी आतल्या खोलीत कमरेला पट्टा बांधून पडलेलो असायचो. मला बाहेरचा हसण्याचा आवाज यायचा, आणि वाटायचं, पोर माझ्यासाठी उसनं हसतेय.

मग तिने विचारलं, "मला बोलवा, असं आई कधी म्हणाली होती का?"

मी नाही म्हटलं. खोटं नव्हतं. तसं ती कधीच म्हणाली नव्हती.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी खारू उठायच्या आधीपासून तिच्या दारात बसलो होतो. ती बाहेर आल्यावर सहा तारखेचं सांगितलं. राहू दे, अशीच बसते, हे शब्द जसेच्या तसे. मग मी काय कळवलं आणि फोन कुठे नेऊन ठेवला, तेही. मार्चमधल्या दहा दिवसांचं सांगितलं, की मी मागून खांद्यावर हात ठेवला होता. हातरुमालाचं सांगितलं. ते सांगता सांगता मधेच थांबलो. तोपर्यंत मी ती एक सवय समजत होतो.

खारू भिंतीला टेकून खाली बसली.

"मी त्या दिवशी दोन तास फोन समोर ठेवून बसले होते," ती म्हणाली. "म्हटलं, शेजारून आली की करेल."

रडली. मी जवळ गेलो तर हात पुढे करून थांबवलं. मी थांबलो.

२० एप्रिल, रविवार

आज ती गेली. परीक्षेबद्दल मी तोंड उघडलं, तर म्हणाली, द्यायची की नाही, कधी द्यायची, ते मी ठरवेन. आवाज चढवला नाही. आईचा चष्मा आणि छापखान्यातली लाल पेन्सिल घेऊन गेली. दारात मला नमस्कार केला नाही, जवळही आली नाही. जिना उतरताना एकदा वर बघितलं.

४ मे, रविवार

फोन नाही. मागच्या रविवारीही नव्हता.

पार्लरवाली वर आली होती. तिला म्हटलं, तू बरोबर होतीस. ती म्हणाली, बरोबर असून काय केलं मी, छटा तर मीच दिली. खूप वेळ बसली होती.

२३ मे, शुक्रवार

काल परीक्षा होती. झाली का ते माहीत नाही. विचारायचं धाडस नाही.

१ जून, रविवार

दहा वाजता फोन वाजला. मी दाढी केलेली नव्हती, चार दिवस तोच सदरा अंगावर. वाटलं, दोन मिनिटं मागून घ्यावीत, तोंड तरी धुवावं. नाही गेलो. तसाच उचलला.

खारूचे डोळे सुजलेले होते, केस कसेही बांधलेले. मागे पसारा. तिने परीक्षा पुढे ढकलून घेतलीय, हिवाळ्यात देईन म्हणाली. म्हणजे ज्यासाठी सगळं केलं, तेही झालं नाही. मी फक्त बरं म्हटलं.

मग तिने विचारलं, "कसे आहात?"

ठीक आहे, हे ओठांवर आलं होतं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना, पस्तीस वर्षं हिला, मी तेच सांगत आलो.

"बरा नाही," म्हटलं. "जेवण जात नाही. घरात एकट्याने बसवत नाही. सहा तारीख डोक्यातून जात नाही."

ती बघत राहिली. पडद्यावर माझा चेहरा तिला किती मोठा दिसत होता, देव जाणे. लपवायला जागा नव्हती.

"मीपण बरी नाही," ती म्हणाली. "आणि माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही, बाबा. कधी जाईल माहीत नाही."

"हो."

"राग धरूनच बोलणार आहे मी."

"बोल," मी म्हटलं.

ती तिथे बसली होती, मी इथे. फोन तिनेही ठेवला नाही, मीही नाही. मग तिने विचारलं, जानेवारीत डॉक्टरांकडून निघाल्यावर बसमध्ये आई काय म्हणाली होती. मी सांगायला सुरुवात केली, पाटीवरच्या रु पासून.